येऊन राहिलेले पाटील

मी शाळेत त्रैराशिक शिकवत होतो. संपतराव पाटलांचा गाडीवान कोंडबा दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “मास्तर, पाटील गेले.” मी फळ्यावरची नजरही न काढता विचारलं, “आता कुठं?”

माझा तरी काय दोष? पाटील सदा कुठं ना कुठं गेलेलेच असत. कापूस घेऊन अकोल्याला, सोयरीक पाहायला मोर्शीला, बैलजोडी बघायला तेल्हाऱ्याला... आणि जिथं जायचं कबूल केलेलं असे, तिथं तेवढे नसत. मग मी वळून पाहिलं. कोंडबा डोळे पुसत होता. या गोष्टीला महिना होऊन गेला, तरी तो ‘आता कुठं’ माझ्या तोंडून निघाला याची चीड अजून जात नाही. स्वतःची येते, आणि खरं सांगायचं तर त्यांचीही येते.

पुण्याहून पाटलांच्या गावच्या शाळेवर मी आलो, त्या वर्षीच त्यांची माझी ओळख झाली. एका शनिवारी दुपारी त्यांनी मला शेतावर यायचं आमंत्रण दिलं आणि निरोप पाठवला, “वेशीपाशी थांबा, मी येऊन राहिलो.” मी पुण्याचा. येऊन राहिलो म्हणजे येऊन मुक्कामाला राहिलो, असा सरळ अर्थ धरला आणि धावतपळत वेशीपाशी गेलो. तिथं एक म्हैस होती. पाटील उन्हं कलताना उगवले, तेही हसत. मी खवळून म्हणालो, “येऊन राहिलो म्हणालात ना?” तर ते म्हणाले, “मग? येऊनच राहिलो होतो ना, बाप्पा! घरून निंगालो, वाटंत चार मान्सं भेटली...” वऱ्हाडात ‘येऊन राहिलो’ म्हणजे ‘येतो आहे’, आणि पाटलांच्या तोंडी तर ‘अजून आंघोळ व्हायची आहे’, हे कळायला मला एक अख्खं वर्ष लागलं.

पुढं माझी बदली अमरावतीला झाली. तिथं कचेरीतले विष्णुपंत कारकून भेटले, तेही माझ्यासारखेच घाटावरचे. पाटलांचं गाव अमरावतीहून अकोल्याच्या वाटेवर दोन कोसांवर, तेव्हा आमचं त्रिकूट जमलं. दसरा झाला की शनिवारी दुपारी निघायचं आणि रविवारी सांजेला परतायचं, असा नेमच पडला. आमची दोघांची जुनी दमणी, म्हणजे छपराची बैलगाडी, पाटलांची स्वतःची हलकी रेंगी, आणि भेटायची जागा अकोल्याच्या वाटेवरची मोठी चिंच. तिकडं अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून इकडं कापसाला सोन्याचा भाव आला होता. वाटेनं गाड्यांच्या रांगा लागत, धुळीनं दात करकरत. पाटलांच्या बैलांच्या गळ्यात चांदीचे घुंगरू आले, खुद्द पाटलांच्या डोक्यावर मुंबईची छत्री आली. वेळेवर येणं मात्र काही आलं नाही. चिंचेखाली बसून किती शनिवार मी दात-ओठ खाल्ले असतील, ते विष्णुपंतांना ठाऊक.

बरं, येऊन तरी शांत बसावं! शिधा सगळा पाटलांचा : गहू त्यांचे, वांगी त्यांची, तूप त्यांच्या म्हशीचं. पण आम्ही पडलो ब्राह्मण, त्यांच्या हातचं चालत नसे. तेव्हा रोडगे आमचे आम्हीच भाजायचे. रोडगे म्हणजे गव्हाच्या जाड कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या आरात पुरून भाजलेले. ते कसे भाजायचे हे त्रिभुवनात फक्त पाटलांना ठाऊक, आणि हात तेवढा लावायचा नाही. मग ते वीस पावलांवर बसून ओरडत, “पलटवा! अहो मास्तर, जयलं ना ते! काहून इतके बह्याड हा तुमी?” चुलीशी मी घामाघूम, आणि सावलीत बसून हा गृहस्थ मला बह्याड म्हणणार. एकदा मी कणीक टाकून उठलोसुद्धा होतो.

जेवणं झाली की तेच आपली काळी घोंगडी अंथरत. लोकरीला विटाळ नाही, हे शास्त्र त्यांनी आम्हां दोघांकडून नेमकं हेरून ठेवलं होतं. दोन टोकांना आम्ही, मधे पाटील. समोर कापूस फुटलेला, वर ते आश्विनातलं स्वच्छ आभाळ. तेवढी घटकाभर मी त्यांच्यावर चिडलेला नसे. हे त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

या वर्षी त्यांच्या शेतात सीतादही होतं. पहिली वेचणी सुरू करताना शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, तो विधी. पाटलांनी आठ दिवस आधी बजावलं होतं, “मास्तर, या वक्ताले तुमी पायजेच. मी सोता चिंचेपाशी न्याले येतो.” शनिवारी आम्ही चिंचेखाली पोचलो. वाटसरूच्या तोंडी निरोप आला, “पाटील येऊन राहिले, थांबा म्हनतात.” थांबलो. ऊन डोक्यावरून कललं. शेवटी माझं डोकं फिरलं. मी विष्णुपंतांना म्हणालो, “चला. एकदा तरी त्यांनाही कळू दे, वाट पाहणं म्हणजे काय असतं.” विष्णुपंत म्हणाले, “जरा थांबू या.” मी ऐकलं नाही. पेढी नदीच्या काठी जाऊन विष्णुपंतांच्या ओळखीच्या मळ्यात उतरलो आणि रोडगे भाजले. बाहेरून कोळसा, आतून कच्चे. ओरडायला कोणी नव्हतं.

रविवारी सांजेला परतताना चिंचेपाशी पाणपोईवरच्या म्हातारीनं आम्हांला हाक मारली. नवीनच होती, या महिन्यात तिथं बसू लागलेली. तिनं काळी घोंगडी माझ्या हाती दिली आणि म्हणाली, “पाटील येऊन राहिले होते. ही तुम्हांला द्यायला सांगितलीय.”

सहा वर्षं वऱ्हाडात काढून मी आता पक्का वऱ्हाडी झालो होतो ना! येऊन राहिले होते म्हणजे येत होते, म्हणजे आले नाहीत, वाटेतून परतले आणि कुणाच्या तरी हाती घोंगडी पाठवून दिली. मी म्हणालो, “त्यांचं येऊन राहणं मला चांगलं ठाऊक आहे, आजी!” आणि दमणीत चढलो. घोंगडी घरी आणून खुंटीवर फेकली. ते स्वतः येऊन माफी मागेपर्यंत त्यांच्या गावाकडं फिरकायचं नाही, असं बायकोला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ठरवलं. सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी कोंडबा आला.

म्हातारी नगरकडची होती. हे मला तेराव्याहून परतताना कळलं, तेही तिनं सहज सांगितलं म्हणून. तिच्या बोलीत येऊन राहिले म्हणजे येऊन राहिलेच. शनिवारी सकाळपासून पाटलांच्या अंगात ताप होता. घरच्यांचं न ऐकता ते दुपारी रेंगीत बसले. आम्ही निघालो आणि थोड्याच वेळात ते चिंचेखाली पोचले. आम्ही जवळपासच कुठंतरी गेलो असू, असं धरून दिवेलागणीपर्यंत तिथं बसले. जाताना अंगावरची घोंगडी काढून म्हातारीजवळ दिली. “मास्तर रातच्याले येतीन तं त्याइले थंडी वाजन,” म्हणाले. अंगात ताप असलेल्या माणसानं! आता या माणसावर चिडायचं नाही तर काय करायचं?

तेराव्याला पाटलीणबाई दाराआडून बोलल्या, ते विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. “तीन दिस सारखे इचारत होते, मास्तर आले काय म्हणून. आमी म्हनो, येऊन राहिले. तं हासले. म्हने, मंग अजून घरीच हायेत.”

वैद्य म्हणतात, ताप आतडीत उतरला होता, तुम्ही जाऊन काही उपयोग नव्हता. वैद्यांना काय कळतं! औषध द्यायला जायचं होतं असं मी कुठं म्हणतो? तीन दिवस, आणि वाट अवघी दोन कोसांची.

घोंगडी परत करायला मी नेली होती. पाटलीणबाईंनी घेतली नाही. आता ती आमच्या ओसरीवर खुंटीला असते. परवा शनिवारी शाळा सुटली आणि काही ठरलेलं नसताना विष्णुपंत आले. मी घोंगडी काढून अंथरली. ते एका टोकाला बसले, मी दुसऱ्या. मधली जागा मोकळी. ऊन कललं तसे विष्णुपंत पागोटं सावरत उठू लागले, “चला, निघतो मी.”

“बसा हो,” मी म्हणालो. “थांबा जरा. येऊन राहिलेत.”