आसाबेया बाईची एकसष्ट नावं

अबुरीच्या डोंगरावरल्या आमच्या अंधशाळेत आसाबेया बाई तीस वर्षं ब्रेलची पानं तपासत आली. जन्मापासून दिसत नाही, पण चुकीचा ठिपका बोटाला लागला की छापणाऱ्याची खैर नाही. छापणारा मी. ठिपके उठवणारं आमचं यंत्र एका जुनाट कॉम्प्युटरशिवाय कुणाचं ऐकत नाही. म्हणून मजकूर लॅपटॉपवरनं केबलनं त्या डब्यात सोडायचा, डब्यानं फ्लॉपीवर उतरवायचा, मग छपाई.

बाईचा मामा गेला. शनिवारी माती होती, आणि कुळाच्या वतीनं श्रद्धांजली तिनं वाचायची होती. आमच्यात तो मजकूर कुळाचा प्रमुख मंजूर करतो. त्यात एकसष्ट भाचेभाच्यांची नावं. एक गळलं तरी त्या घराशी जन्माचं वैर. त्यात भाऊबंद आधीच कुजबुजत होते, आंधळी पदरचं काहीबाही जोडील म्हणून. हातानं टोचून घ्या म्हटलं, तर तिनं साफ नाही सांगितलं. प्रमुखाचा मजकूर जसाच्या तसा मशीनमधून निघाला पाहिजे.

गुरुवारी पहिली छपाई काढली. मी लॅपटॉपवरचं वाचत होतो, ती बोट फिरवत होती. तिसऱ्या पानावर बोट थांबलं.

"ओपारे, तुझ्या डब्यानं माझ्या तीन बहिणी गिळल्या की रं."

केबल काढून घातली, वेग निम्म्यावर आणला. बहिणी परत आल्या, पण दोन भाऊ गेले.

शुक्रवारी सकाळी ती केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, आणि तळलेली मासळी घेऊन डब्याशेजारीच बसली. मला म्हणाली, लॅपटॉपच्या पडद्यावर सरकणारी नावं मोठ्यानं म्हण. फ्लॉपीवर लिहिताना डबा कुरकुरला की ती टेबलावर टिचकी मारी. छापून पाहिलं, तर ज्या नावांवर टिचकी पडली, नेमकी तीच नव्हती.

"ते लिहाय बसलं की त्याला ऐकू येत न्हाई," ती म्हणाली. "आन् तू आपला बोलतच ऱ्हातोस. माझा नवराबी असाच हुता."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. केबल मीच जोडली होती, टेलिफोनच्या तुकड्यांतनं, तीन तारांची. डब्याला लॅपटॉपला 'जरा थांब' सांगायला आणखी दोन लागतात. त्या मी चालतंय म्हणून सोडल्या होत्या, आणि छोट्या पत्रांवर इतकी वर्षं निभावलं होतं. दोन्ही डाख लावून जोडल्या, लॅपटॉपला डब्याची खूण पाळायला लावलं. आता डबा कुरकुरला की नावं थबकायची, मग सरकायची. एकसष्टच्या एकसष्ट उतरली. बाईनं दोनदा मोजली.

शनिवारी सुतकाच्या काळ्यालाल कपड्यात ती वाचायला उभी राहिली. प्रमुख मातीला वाटलेल्या छापील पुस्तिकेत एकेका नावावर बोट ठेवत होता. शेवटचं नाव झालं.

"बाई, म्हातारा मान डोलवतोय," मी कानात सांगितलं.

"डोलवू दे. फुडलं पान दे, मामाबद्दल बोलायचं ऱ्हायलंय अजून."