बाबांच्या फियाटचे जड गिअर

मंडळी, आज बाबांची जुनी फियाट विकली जाता जाता वाचली.

गिअरबॉक्स नव्याने बांधून घेतल्यापासून गिअर इतके जड पडायचे की बाबा दोन्ही हातांनी दांडा ओढायचे. मेकॅनिक म्हणाला, परत खोलावा लागेल. बाबा वैतागले आणि त्यांनी आज संध्याकाळी गाडी बघायला गिऱ्हाईक बोलावलं.

मी सकाळीच मुलुंडला बाबांकडे पोचले. स्टिअरिंगजवळच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी सळई सोडवली आणि गाडीखाली शिरून गिअरबॉक्स नुसत्या हाताने हलवून पाहिला. गिअर अलगद पडले.

"बाबा, गिअरबॉक्स ठणठणीत आहे. सळईच अडकतेय."

"काहीतरीच काय!"

गिअरबॉक्स परत बसवताना मेकॅनिकने सळईचा सांधा फार आवळला होता, आणि आतलं जुनं ग्रीस दगड झालं होतं. ते डिझेलने धुतलं, नवीन भरलं, सांधा बेताने आवळला.

बाबांनी गाडी सोसायटीबाहेर काढली. पहिला पडला, दुसरा पडला, तिसराही, तेही एका हाताने. मी शेजारी बसून अक्षरशः टाळ्या वाजवल्या.

सिग्नलला थांबल्यावर ते म्हणाले, "त्या माणसाला फोन लाव गं. सांग, गाडी विकायची नाही."

लावला. झकास वाटलं यार.

तुमच्याकडे असं वैतागून विकायला काढलेलं काय आहे? एकदा खाली वाकून बघितलंत का?