उकंडरावांनी ट्रॅक्टर निजवला

बैल पारखावा तर उकंडरावांनी, हे पोहरादेवीच्या आसपास सगळ्यांना मान्य होतं. पण चौऱ्याहत्तर साली त्यांच्या मनात भरला फुलसिंगचा जुना, तांबडा ट्रॅक्टर. फुलसिंगला बदल्यात थोडी रोकड आणि उकंडरावांची बैलजोडी हवी होती. ती जोडी दुर्गाबाईंनी गोऱ्हे असल्यापासून वाढवलेली. नवरा निघाला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "टॅक्टर आना नाई तं आगगाडी आना. पन माही जोडी वापस आली पायजे."

त्याच जोडीची बंडी हाकत उकंडराव फुलसिंगच्या तांड्यावर पोचले. ट्रॅक्टरभोवती त्यांनी चक्कर मारली, टायरचे दात पाहिले आणि तापल्या जनावराला लावावा तसा बॉनेटला हात लावला. हात झटकन मागे आला.

"फुलसिंगभाऊ, याले ताप हाये!"

"पावने येनार म्हून जरा चालू करून ठेवला, भाऊ."

बाजारात आळशी बैलाला आधी थोडं पळवून तरतरीत दाखवणारे उकंडरावांनी पुष्कळ पाहिले होते. ते निंबाखाली ऐसपैस बसले. "निजू द्या त्याले. उठते कसा, ते पायतो."

चहा झाला, भाकरी झाली, दोन्ही गावांच्या सोयरिकी बोलून झाल्या. बॉनेट गार पडलं. मग फुलसिंगनं चावी फिरवली. ट्रॅक्टर नुसता कण्हला. दुसऱ्यांदा तर कण्हलाही नाही.

शेवटी बंडीचे बैल सोडून ट्रॅक्टरला जुंपले. जोडीनं मान घातली, चाकं फिरली आणि काळा धूर सोडत ट्रॅक्टर गरजला. वावरात नांगर लावला तर माती अशी उलटली, की उकंडराव हरखलेच.

"उठाले आळशी, पन कामाले वाघ! घेतला."

"मंग जोडी सोडून जा."

"अन् उद्या सकाळी याले उठवू कोनासंग? तुमी येसान ओढाले?"

फुलसिंगनं डोकं खाजवलं. उकंडराव म्हणाले, "जोडी माह्याकडं राहू द्या. तिच्या बदल्यात दोन सालं तुमचं वावर नांगरून देतो."

"लय बेरकी हा तुमी!" फुलसिंग हसला आणि त्यानं हातावर हात मारला.

संध्याकाळी पुढे बंडी आणि मागे फुलसिंग हाकत असलेला ट्रॅक्टर, अशी वरात गावात शिरली. नवं जनावर दारात आलं, की त्याच्या पायांवर पाणी घालायची रीत. दुर्गाबाई तांब्या घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी तो दोन्ही बैलांच्या पायांवर सावकाश रिकामा केला. मग ट्रॅक्टरकडे पाहून म्हणाल्या, "थांब रे बापा, तुह्यासाठी आनतो भरून."