इब्राहिमभाई नेमकं काय म्हणाले होते

इब्राहिमभाई गेल्याचं मला मोबाइलवर कळलं. आम्हा जुन्या कुवेतकरांचा एक ग्रुप आहे, त्यावर सकाळी कुणीतरी टाकलं, श्रीवर्धनजवळच्या त्यांच्या गावी झोपेतच गेले म्हणून. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली आणि त्या रांगेत एका गृहस्थांनी लिहिलं, ‘माणूस बरा होता, पण दाऊदच्या वेळी त्याने जे केलं ते विसरता येत नाही.’ त्यावर चौघांनी अंगठे दाखवले. मी चहा तसाच ठेवून उठले. तीस वर्षांहून जास्त काळ घोरपडीसारखी चिकटून बसलेली ही गोष्ट, आणि ती सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या दिवशी हॉस्पिटलात नव्हता. मी होते. म्हणून आज सांगते, आणि माझ्यासकट कुणाचीही भीड न ठेवता सांगते.

मी तेव्हा कुवेतच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन होते. इब्राहिमभाई तिथल्याच राई नावाच्या भागात शिकारीच्या सामानाच्या दुकानात कामाला. त्यांचे वडील गावी रानडुकरं मारायचे, त्यामुळे बंदुकीची जाण घरातूनच आलेली. दुकानाचा कुवेती मालक आणि त्याचे मित्र परदेशात हरणांच्या शिकारीला जायचे, तेव्हा काडतुसं निवडून द्यायचं काम यांचं. गिऱ्हाईक कितीही बडं असो, हे आधी विचारणार, जनावर कोणतं? किती पावलांवरून मारणार? उत्तर पटलं नाही तर डबा परत फडताळात. आम्ही चेष्टेनं म्हणायचो, भाई, तुमच्याकडे काडतूस घेणं म्हणजे मुलगी मागायला येणं झालं. ते हसायचे, पण प्रश्न विचारायचं सोडायचे नाहीत. जो माणूस जनावराची इतकी चौकशी करायचा, त्याला लोक आज ‘गोळ्या विकून पोट भरणारा’ म्हणतात!

नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य आत आलं आणि पहिल्याच आठवड्यात ते दुकान लुटलं गेलं. रायफली गेल्या, काडतुसांचे डबे गेले. कुणाकुणाच्या हाती पडले ते देव जाणे. आमची निम्मी माणसं जॉर्डनच्या वाटेनं मायदेशी निघाली. हॉस्पिटलात एक्स-रेच्या मशीनवर मी एकटीच उरले. फिल्मचा साठा संपत आला होता, त्यामुळे डॉक्टर सांगतील त्याचाच फोटो काढायचा, असा नियम झाला होता.

सप्टेंबरमधली एक सकाळ. इब्राहिमभाई आणि त्यांचा खोलीतला सोबती दाऊद, त्यांच्याच गावचा ड्रायव्हर, शहराच्या दस्मान भागात खुबूसच्या, म्हणजे तिथल्या रोटीच्या, रांगेत उभे होते. रांगेत धक्काबुक्की झाली आणि एका हत्यारवाल्यानं बार काढला. गोळी दाऊदच्या कमरेखाली लागली. इब्राहिमभाईंनी त्या माणसाच्या हातातली रायफल ओळखली. दुकानातलीच होती ती, तिचं तेलपाणी त्यांनी स्वतः केलं होतं. गोळी कुठली ते त्यांना वेगळं सांगायला नको होतं. दाऊदला एका टेम्पोत घालून ते आमच्याकडे आले. जखमेचं तोंड शेंगदाण्याएवढंही नव्हतं. रक्तही फारसं नाही. मी दारातच होते. ते माझा हात धरून म्हणाले, “ताई, मऊ गोली हाय. लवकर बगा… मऊ गोली हाय.”

मऊ! पुण्यात वाढलेल्या मला मऊ म्हणजे भात, मऊ म्हणजे उशी. मला वाटलं, जोर संपलेली, हलकी गोळी असणार. आतल्या टेबलांवर दोन जखमी आधीच होते. सर्जननी मान वर न करता इंग्रजीत विचारलं, “कसं आहे?” आणि मी बेधडक सांगितलं, “माइल्ड आहे सर. लहान जखम.” ते म्हणाले, “बाजूला ठेवा.” दाऊदला बाजूला ठेवलं. इब्राहिमभाई दोनदा आत आले, दोन्ही वेळा मी त्यांना बाहेर बसवलं. काळजीपोटी येतात, असं वाटलं मला.

दाऊदचा रंग उडाला तेव्हा कुठे फोटो काढला. फिल्म उजेडावर धरली. आत खसखस सांडावी तसे शिशाचे कण पसरले होते, हाडाचा चुरा झाला होता. दुपारच्या नमाजाची बांग झाली त्या सुमारास दाऊद गेला.

सर्जन बाहेर येऊन ओरडले, “माइल्ड कुणी म्हटलं?” मी तोंड उघडायच्या आत इब्राहिमभाई उभे राहिले. “मैंने बोला साहब. मैंने बोला हलका है.” दुकानात साहेबलोकांशी बोलून बोलून त्यांना इंग्रजी चांगलं कळायचं. माझं वाक्य त्यांनी दारातून ऐकलं होतं, त्याचा अर्थही त्यांना कळला होता. सर्जननी त्यांना सगळ्यांदेखत नको नको ते सुनावलं. बंदुकांच्या दुकानात झाडू मारणाऱ्याला अक्कल किती, असंही म्हणाले. मी तिथेच उभी होते. मी गप्प राहिले.

नंतर जिन्याखाली त्यांनी मला समजावलं. लष्करी गोळीला टोकापर्यंत तांब्याचं कवच असतं, ती बहुधा आरपार जाते. शिकारीच्या गोळीचं नाक उघडं ठेवतात, मऊ शिशाचं. ती अंगात शिरली की अळंबीसारखी उमलते. “वेगावर हाय सगला खेल. लांबून मारली, वेग मेला, तर उमलतच नाय, जनावर जखम घेऊन रानात कुजत मरतं. जवलून मारली तर आतल्या आत फुटते, तुकडे तुकडे. बरोबर पल्ल्यावर मारली तर जनावर जागच्या जागी… त्याचे हाल व्हऊ नयेत म्हनून केलेली वस्तू हाय ती, ताई. आनि ती मानसावर, दहा पावलांवरून!” मी म्हटलं, भाई, चूक माझी आहे, मी आत जाऊन सांगते. ते संतापले. “नि तुमाला काडून टाकलं तर? उद्याच्या मानसांचं मशीन कोन चालवील?”

तेव्हा ते खरं होतं. पण एक्याण्णवच्या फेब्रुवारीत कुवेत मोकळं झालं, मशीनवर दुसरी माणसं आली, मग माझी जीभ कुणी बांधून ठेवली होती? कुणीच नाही. इब्राहिमनंच गोळी हलकी म्हणून सांगितलं, ही गोष्ट गावापर्यंत पोचली, दाऊदच्या घरच्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, गावात लग्नाकार्याची बोलावणी थांबली, आणि मी पुण्याहून ईदची कार्डं पाठवत राहिले. ग्रुपवरच्या त्या गृहस्थांचा मला संताप येतो, पण त्यांना निदान खरं ठाऊक नव्हतं. मला होतं. याला भित्रेपणाशिवाय दुसरं नाव नाही.

ते गेल्यानंतर, गेल्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या मुलीनं, रुखसानानं, तांदळाची भाकरी वाढली. मी म्हटलं, किती मऊ झालीय गं. ती चटकन म्हणाली, “नरम बोला, बाई.” मग स्वतःच ओशाळली. त्यांच्या घरात ‘मऊ’ हा शब्द चालत नाही, तिनं सांगितलं. भात नरम, उशी नरम, तान्ह्या बाळाचे गालसुद्धा नरम. लहानपणी तिच्या तोंडून निघून गेला की बाबा पानावरून उठून जायचे. का, ते आईलाही कधी सांगितलं नाही.

भाकरी माझ्या हातातच राहिली. तिला सगळं सांगितलं, जिन्याखालच्या बोलण्यासकट. मी म्हटलं, मी हे पेपरात लिहिते, माझ्या नावानं.

“लिवा,” ती म्हणाली. “पन हलकी नका लिवू, नरम नका लिवू. बाबा मऊ बोलले व्हते, मऊच लिवा.”

तो शब्द ऐकून तिची आई चुलीपुढून उठली आणि दारात येऊन उभी राहिली.