कॅसेटवरची टिकली

माझा मोठा भाऊ सुरतेत पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये रंग जुळवायचं काम करायचा आणि रविवारी डिंडोलीच्या आमच्या खोलीत एकच कॅसेट वाजवायचा. परदेशातल्या कुठल्याशा हॉटेलात, लोकांसमोर वाजवलेली ब्लूज गिटार होती ती. मूळ कॅसेट हजीऱ्याच्या प्लांटवरच्या एका मित्राची. परत करण्याआधी दादाने दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून तिची नक्कल केली. आमच्याकडे नक्कल अशीच व्हायची. घरातल्यांनी तेवढा वेळ तोंड मिटून बसायचं. वहिनीने कुकर लावलाय, हे मात्र दादा विसरला. त्यामुळे गिटार ऐन रंगात आली असताना आमच्या डाळीची शिट्टी वाजते आणि मागोमाग दादाचा आवाज येतो.

दादा काविळीने गेला. त्याचा आवाज उरला तो तेवढाच.

दहाव्या दिवशी सकाळी बायकांनी वहिनीचं कपाळ पुसलं आणि संध्याकाळी मामांचं भजनी मंडळ आलं. गावाकडच्या ज्यांना येता आलं नाही, त्यांच्यासाठी भजन टेप करून पाठवायचं मामांनी ठरवलं होतं. मी म्हणाले, नवी कॅसेट आणते. मामांचं दुःख मोठं होतं, पण नव्या कॅसेटइतकं नव्हतं.

"घरमा पडेल शे ना एक," म्हणत त्यांनी दादाची कॅसेट लावली, थोडी ऐकली आणि मान हलवली. "हाई काय शे, व माय? तो रडस का झोपस?"

आमच्या टेपचा पट्टा सैल पडला होता. मुळातली संथ लय आणखी रेंगाळत होती. पेटीवाल्याने पट्टी शोधून पाहिली. पांढरी सहाच्या जरा खाली, काळी चारच्या जरा वर.

"आठे बी नै, तठे बी नै," मामांनी निकाल दिला. मंडळानेही माना डोलावल्या. सगळ्या सुरतेत पट्टीला पक्के असे हे एवढेच लोक होते.

दादा सांगायचा, हा वादक रडत नाही. सोडून गेलेल्या बायकोला टोमणे मारतोय. नीट ऐकलं की ते कळतं. एक सूर ओढतो, थांबतो, समोरचे लोक हसतात, मग पुढचा मारतो. मामांना हे समजावण्यात अर्थ नव्हता. भांडणं मला कधीच जमलं नाही. टेप बंद झाल्यावर मी कॅसेट घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि पाठीवरचे दोन प्लास्टिकचे तुकडे सुरीच्या टोकाने मोडले. ते मोडले की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. बाहेर येऊन मी तसं सांगितलं.

मामा हसले. "एवढंच ना? भोकावर कायतरी चिकटवा."

घरात डिंक नव्हता. मामी मात्र हुशार. कपाटावर वहिनीचं टिकल्यांचं पाकीट होतं, त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तिन्या टिकल्या शेत ना. आते त्या काय कामन्या?"

कुणाला काही वाटलं नाही. दोन भोकांवर दोन मोठ्या लाल टिकल्या बसल्या. सकाळी जी टिकली कपाळावर पाप होती, ती संध्याकाळी भजनाच्या कामी आली.

तेव्हा वहिनी दिवसभरात पहिल्यांदा बोलली. "पुसण्याआधी एकदा लावा. कुकरपर्यंत."

मामांनी घड्याळाकडे पाहत कॅसेट लावली. गिटार आली, परदेशातले लोक हसले, आमची शिट्टी झाली. मग दादा: "अगं ए, कुकर उतरव! तो भला माणूस बायकोवर रुसलाय, त्याला बोलू दे की!" आणि त्याच्यावर वहिनीचं हसू, खळखळून. ते हसू टेपमध्ये आहे, हे मलासुद्धा आठवत नव्हतं.

मामा घसा साफ करून म्हणाले, "चला, आता टेप मागे घ्या, सुरू करू."

वहिनी उठली. तिने कॅसेट काढली, एक टिकली नखाने सोडवली आणि कपाळावर लावली. जरा वाकडी बसली. दुसरी मामीच्या तळहातावर ठेवून, कॅसेट पदराखाली घेऊन ती आत गेली.

मामांनी घाईघाईने भजन उचललं. पेटी पांढरी सहात होती आणि मामा मात्र तिच्या जरा खाली, काळी चारच्या जरा वर. शेवटपर्यंत ते तिथेच राहिले. गावाकडच्या लोकांना ते कधी ऐकावं लागलं नाही.