तलावाची दवंडी

मोहफुलांच्या दिवसांत आमचं अख्खं गाव पहाटेच जंगलात जाई. मी बाळंतीण, म्हणून तेवढी घरी होते. कोतवालानं नेमकी तेव्हाच दवंडी पिटली: गावच्या तलावातल्या मासोळीचा आज लिलाव, सर्वांनी हजर राहावं. ऐकायला मी आणि कुत्री! बोली लावायला एकटा परगावचा ठेकेदार. तलाव त्यालाच गेला.

संध्याकाळी यजमान तणतणत कोतवालाकडे गेले. तो म्हणाला, "दवंडी तं देल्ली, भाऊ. तुमीच नाई होते गावात, मी काय करू?"

पुढं तोच ठेकेदार निवडणुकीला उभा राहिला. त्याच्या सभेची दवंडी मात्र दिवेलागणीला, प्रत्येक दारात थांबून दिली. सभेनंतर गावजेवण झालं. लोकांनी बोटं चाटून खाल्लं आणि मतंही त्यालाच दिली. मासोळी आमच्याच तलावातली होती.