शिपाई टॅपलीचं पहिलं वाक्य

सिरिल टॅपलीचा चेहराच असा होता, की रस्त्यात त्याच्याशी नजरानजर झाली की माणूस आपल्या सायकलचा दिवा चालू आहे ना ते बघून घेई. रुंद जबडा, जाड भुवया आणि उभं राहणं असं, की धक्का देणाराच पडावा. हा पोलीस आहे, असं अख्ख्या डेप्टफर्ड वस्तीत कुणीही परक्याने शपथेवर सांगितलं असतं. तो पोलीस नव्हता, हेच तर टॅपली घराण्याचं दुखणं होतं.

वडील ऑगस्टस टॅपली नदीकाठच्या ठाण्यातून सार्जंट म्हणून निवृत्त झालेले, आजोबाही त्याच खात्यातले. सिरिलला मात्र लहानपणापासून डाव्या डोळ्याने कमी दिसे. सार्जंट स्वतः त्याला भरतीला घेऊन गेले. डॉक्टर ओळखीचा होता, पण डोळ्यापुढे ओळख काय करणार? परतीच्या बसमध्ये बाप मुलापासून दोन बाकं पुढे जाऊन बसला. पुढे कुणी मुलाची चौकशी केली, की "सामान वाहतो" एवढंच सांगून ते विषय बदलत.

ते खोटंही नव्हतं. सिरिल फर्निचरवाल्यांच्या गाडीवर कामाला होता. एकदा सिनेमाच्या स्टुडिओत कपाटं पोचवायला गेला, तर तिथे पोलीस शिपायाचं काम करणारा गडी बियर पिऊन आडवा झालेला. कुणीतरी सिरिलकडे पाहिलं आणि हेल्मेट त्याच्या डोक्यावर ठेवलं. ते असं बसलं, जसं काही मापानेच बनवलं होतं.

महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती आणि लोकांना दरोड्यांच्या सिनेमांचं वेड लागलं होतं. कधी बँक फुटायची, कधी जवाहिऱ्याची तिजोरी. मग रेनकोटातला इन्स्पेक्टर पाइप चघळत, चहावर चहा ढोसत चोराच्या मागावर निघायचा. त्या फुटक्या तिजोरीच्या दारात पहारा कुणाचा, तर सिरिलचा. बाकीचे सोंगाडे शिपाई दोन शॉटांच्या मध्ये कॉलर मोकळी करून पत्ते कुटत. सिरिलने कधी एक बटण काढलं नाही. "अंगावर गणवेश आहे," तो म्हणे. सगळे हसत. हसू देत. मला विचाराल तर खोट्या गणवेशाचा एवढा मान राखणारा माणूस खऱ्या गणवेशात शोधूनही मिळाला नसता.

पण तो मुका शिपाई होता. त्याला बोलायला कधी एक वाक्य मिळालं नव्हतं. वडिलांनी त्याचा एकही सिनेमा पाहिला नव्हता, तेही मुद्दाम. एरवी दर शनिवारी दुपारी निवृत्त पोलिसांचं टोळकं थिएटरची मागची रांग अडवून बसे आणि पडद्यावरच्या पोलिसांची सालटी काढे. सार्जंट टॅपली त्या टोळक्याचे म्होरके. फक्त सिरिलचा सिनेमा लागला, की सार्जंटांचे नेमके गुडघे दुखत.

आणि एके दिवशी ते वाक्य मिळालं. कातडी कोटांच्या गोदामावर दरोडा पडतो, नदीच्या धक्क्यावर झटापटीत इन्स्पेक्टर जखमी होऊन पडतो आणि दरोडेखोराला पकडून, अटकेच्या वेळी पोलिसाने म्हणायचा तो कायद्याचा इशारा द्यायचं काम शिपायावर येतं. शिपाई म्हणजे आपला सिरिल.

रविवारी जेवताना त्याच्या बायकोने, विनीने, बातमी फोडली. सार्जंटांनी बटाट्यात खुपसलेला काटा तसाच राहिला.

"इशारा? हा देणार?"

"होय डॅड, मीच."

"म्हणून दाखव."

सिरिलने कागदावरचं म्हटलं. "काही बोलण्याची तुमच्यावर सक्ती नाही. पण जे बोलाल ते लिहून घेतलं जाईल आणि तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून..."

"झालं! घातली माती!" सार्जंटांनी टेबलावर मूठ आपटली. ग्रेव्हीचं भांडं हललं. "तुमच्याविरुद्ध! कुणी सांगितलं रे विरुद्ध? माणूस निर्दोष असला तर त्याचं बोलणं त्याच्याच कामी येईल ना? आपण त्याला धरायला जातो, शिक्षा ठोठावायला नाही. जन्मात कधी तो शब्द माझ्या तोंडून गेला नाही. सगळे सिनेमावाले मेले तोच म्हणतात, आणि आम्ही मागच्या रांगेतून तोच शब्द ओरडून त्यांची टर उडवतो."

"या वेळी याल का बघायला?" विनीने विचारलं.

"येईन की," सार्जंट म्हणाले. "ओरडायलाच येईन."

सिरिलने पुडिंगची बशी बाजूला सारली. वाक्य कागदाप्रमाणे म्हटलं तर बाप भर थिएटरात हुर्यो करणार, नाही म्हटलं तर वाक्यच दुसऱ्याला जाणार. इकडे आड, तिकडे विहीर.

शूटिंगच्या दिवशी धक्क्यावर वारा बोचत होता. सिरिलने दरोडेखोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो शब्द गाळून वाक्य म्हटलं. दिग्दर्शक मिस्टर लॅनियन खुर्चीतून उठले.

"टॅपली, शब्द खाल्लास."

"खाल्ला नाही सर. पोलीस तो म्हणत नाहीत."

"पण प्रेक्षक त्याचीच वाट बघत असतात! सगळ्यांना पाठ आहे ते."

"माझे वडील सार्जंट होते सर. आजोबाही. मी हा गणवेश घालून तो शब्द म्हणालो, तर घरी तोंड दाखवायला जागा नाही राहणार."

"तुला वाक्य दिलं ही चूकच झाली माझी," लॅनियन गुरकावले. मागे एक दुसरा शिपाई कॉलर लावून तयारच होता. सिरिल जागचा हलला नाही. ढग दाटत होते, उजेड जात चालला होता. लॅनियननी आकाशाकडे पाहिलं, एक शिवी हासडली आणि म्हणाले, "बरं, एकदा तुझं झालं, आता एकदा माझं. कुठलं ठेवायचं ते मी ठरवीन."

सिरिलने त्यांचंही प्रामाणिकपणे म्हटलं. शेवटी पोटाचा प्रश्न होता.

सिनेमा लागला त्या शनिवारी पोलिसांची मागची रांग गच्च होती. सिरिल आणि विनी मुद्दाम त्यांच्या पुढच्याच रांगेत बसले. मागे खोकणं, पाइपचा धूर, "तिजोरी अशी फोडतात होय!" असल्या कोपरखळ्या चालल्या होत्या. धक्क्यावरचा प्रसंग आला. पडद्यावरच्या सिरिलने चोराच्या खांद्यावर हात ठेवला. खाली बसलेल्या सिरिलने विनीचा हात इतका आवळला, की ती कळवळली.

"काही बोलण्याची तुमच्यावर सक्ती नाही. पण जे बोलाल ते लिहून घेतलं जाईल, आणि..."

मागच्या रांगेने ओरडण्यासाठी श्वास भरून घेतलेला सिरिलला स्पष्ट ऐकू आला.

"...पुराव्यात सादर केलं जाऊ शकेल."

श्वास तसाच अडकून राहिला. कुणी ओरडलं नाही, कुणी हसलं नाही. लॅनियननी ते का ठेवलं हे सिरिलला कधीच कळलं नाही, आणि त्याने विचारलंही नाही.

मग निवृत्त इन्स्पेक्टर बार्कवेंचा घोगरा आवाज आला. "आयला! बरोबर म्हणाला की हा! आणि उभा बघा कसा राहिलाय. हा नट नव्हे, आपल्यातलाच कुणीतरी आहे. कुठल्या ठाण्याचा रे हा?"

सिरिलने मागे वळून पाहिलं नाही.

मागची खुर्ची करकरली. सार्जंट टॅपली अंधारात उठून उभे राहिले होते.

"माझा आहे," ते म्हणाले. मग साऱ्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाले, "माझा मुलगा आहे तो."